मोटारीची मूठ

लायलॅकच्या झाडाला जांभळं फूल आलं की नदीच्या मागच्या, बेटांआडच्या पाण्यात मासे घर मांडतात, हे डेकर्स लँडिंग गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुठं मांडतात, हे मात्र बाप मुलाला मरताना सांगतो. काही बाप तेव्हाही सांगत नाहीत.

अर्डिस टॉलेफ्सनबाईंचा लायलॅक मंगळवारी फुलला. बाईंनी तो खिडकीतून पाहिला आणि पडदा ओढून घेतला, शेजारच्या गेलॉर्ड पेट्शला कळू नये म्हणून. आता झाड दोघांच्या मधल्या कुंपणावरच होतं आणि अर्ध्या फांद्या गेलॉर्डच्या अंगणात लोंबत होत्या. पण आपल्याकडून कुणाला काही कळता कामा नये, ही बाईंची रीत. दुसऱ्याच्या नाकाला त्या काय करणार?

अडचण गेलॉर्डची नव्हती, पोटच्या पोराची होती. मागच्या पानगळीत बाई होडीसकट गाळात अडकल्या होत्या. त्यांचा मुलगा डुएन गावच्या आगीच्या बंबावर स्वयंसेवक. भोंगा वाजला, बंब निघाला, आणि बंबाच्या मागून सगळं गाव धक्क्यावर जमलं. काही जण घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. बाईंना दोर लावून ओढून आणलं, तेव्हा त्यांनी त्या खुर्च्यांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू अडकली होती ती बसलेली माणसंच. डुएन त्या दिवशी एवढंच म्हणाला, "आई, आता एकदा अशी अडकलीस की होडी विकली म्हणून समज." आणि तो नुसता बोलून थांबणारा नव्हता. राजधानीतला एक दातांचा डॉक्टर त्यानं गाठूनही ठेवला होता. त्याला म्हणे अशीच जुनी, हिरवी, सपाट बुडाची पत्र्याची होडी हवी होती. वर आणखी एक अट घातली, की बाईंनी पाण्यावर एकटं जायचं नाही.

ती होडी म्हणजे बाईंचा पाट होता. लग्न झाल्यापासून मागच्या फळीवर बाई बसत आणि होडी वळवायची मोटारीची मूठ त्यांच्या डाव्या हातात असे. नवरा ऑर्व्हल पुढच्या फळीवर. त्यानं नांगर टाकायचा, गळ टाकायचा आणि गप्प बसायचं. दर वसंतात एकदा तो विचारायचा, "अर्डिस, आज मी घेऊ का मूठ?" बाई म्हणायच्या, "कशाला? माझा काय हात दुखतोय?" झालं, पुढच्या वसंतापर्यंत विषय संपला. ऑर्व्हल गेला तेव्हा पाद्रीबाबा त्याच्या सहनशीलतेवर पुष्कळ बोलले. उदाहरण दिलं नाही, पण चर्चमधल्या सगळ्या माना एकदम बाईंकडे वळल्या.

तर सोबत हवी होती. नात ब्रिटा इस्पितळात परिचारिका, तिला रजा नाही. तिनं आपला होणारा नवरा पुढे केला.

"आजी, केंडल येईल तुझ्याबरोबर. शनिवारी मोकळाच असतो तो."

"कुठला हा?"

"कितीदा सांगू? नदीपलीकडचा."

"आयोवाचा म्हण की सरळ. नदीपलीकडचा काय! नदीपलीकडे चंद्रही उगवतो."

"चंद्र आपल्या बाजूला उगवतो, आजी."

"तेच म्हणते मी."

पलीकडच्या आयोवा राज्यातल्या माणसांबद्दल बाईंचं मत वाईट नव्हतं. मतच नव्हतं. मत व्हायला तिकडे काही असावं लागतं. मका आहे म्हणतात.

शनिवारी सकाळी केंडल रोझेनबूम दारात उभा राहिला. उंच, मोठ्या कानांचा, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची पिवळीजर्द टोपी. त्याच कंपनीत तो कणसं वाळवायची यंत्रं सांभाळायचा. पायात कापडी बूट. बाईंनी त्याच्या पायांकडे बघितलं, आत गेल्या आणि ऑर्व्हलचे रबरी बूट आणून त्याच्यापुढे ठेवले.

"माझ्या नवऱ्याचे आहेत. परत पाहिजेत."

"हो. आजी म्हणू का तुम्हाला?"

"लग्न लागलं?"

"नाही अजून."

"मग घाई कसली?"

तो "बरं, टॉलेफ्सनबाई" म्हणाला आणि बूट घालायला लागला. पुढे धक्क्यापर्यंत अवाक्षर बोलला नाही. बाईंना याचा राग आला. कमी बोलणाऱ्या माणसात खोट काढायला वाव राहत नाही.

होडी पाण्यात गेली. बाई मागच्या फळीवर बसल्या. केंडलनं खिशातून फोन काढून पाहिला.

"हे काय?"

"डुएनकाकांनी नंबर दिलाय. काही झालं तर लगेच कळव म्हणाले."

"काय होणार आहे?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

"आण इकडे, भिजेल." बाईंनी फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं आणि डबा आपल्या फळीखाली सरकवला. ते झाकण उघडायला ऑर्व्हलला चमचा लागायचा.

मोठ्या पाण्यावर गेलॉर्ड पेट्श आधीच नांगर टाकून बसला होता. गळ्यात दुर्बीण. गरुड बघायला आणतो म्हणायचा. आजवर त्यानं कुणाला गरुड दाखवलेला नव्हता, पण कुणाची होडी कुठल्या बेटाआड गेली ते तो झोपेतही सांगू शकला असता.

"काय अर्डिस! लायलॅक फुलला की!"

"फुलला असेल. मला सर्दी झालीय."

"आणि हा कोण पिवळ्या टोपीचा?"

"पाहुणा."

"कुठचा?"

"गेलॉर्ड, तुझा तरंगा बुडाला बघ."

गळाचा तरंगा बुडाला नव्हता. पण गेलॉर्ड मान वळवून बघेपर्यंत बाई पुढे सरकल्या होत्या.

थोडं पुढे जाऊन त्यांनी उघड्या पाण्यात नांगर टाकायला सांगितला. सिमेंट भरलेला कॉफीचा डबा होता तो, डुबुक करून गेला. दोघांनी गांडुळं लावून गळ टाकले. तरंगे पाण्यावर बसून राहिले, देवळात बसावे तसे. बराच वेळ गेला.

"इथं मासे आहेत का?" केंडलनं विचारलं.

"नाहीत."

"मग?"

"गेलॉर्ड बघतोय."

केंडलनं यावर विचार केला. मग मान हलवली. "आमची आई वसंतात रानात अळंब्या काढायला जाते, तेव्हा आधी उलट्या दिशेनं पुढचं गाव ओलांडते. तिथं दुकानात जाऊन मीठ घेते. मग मागे फिरते."

बाईंनी त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. "मीठ दर वेळी घेते?"

"घरात कोठीभर मीठ आहे."

बाईंना पहिल्यांदाच वाटून गेलं, की मक्यात वाढलेली सगळीच माणसं वाया गेलेली नसावीत.

गेलॉर्डनं कॉफी ओतून घ्यायला दुर्बीण खाली ठेवली, तेवढ्यात बाईंनी नांगर उचलायला लावला आणि मोटारीची दोरी ओढली. मोटार खोकून सुरू झाली. "आयोवा, तोंड माझ्याकडे कर आणि पुढे पाठ करून बस. वाट बघायची नाही."

केंडल तसा बसला. होडी बेटाला वळसा घालून मागच्या पाण्यात शिरली. काळ्या पाण्यावर वाळुंजाची पिवळी धूळ पसरली होती, लाल खांद्याचे काळे पक्षी बोरूच्या काड्यांवर लटकून किंचाळत होते. दोन बेटांमध्ये वाळुंजाच्या झुडपांआड बाटलीच्या गळ्याएवढी वाट होती. माहीत नसेल त्याला ती दिसत नाही आणि दिसली तरी पटत नाही.

या गळ्यापाशी ऑर्व्हलचं एक काम असायचं. वाळुंजाची ओली काठी तो सोलायचा आणि पाणी जिथं टेकतं तिथं गाळात खोचायचा. तासा-दोन तासांनी येऊन बघायचा, पाणी काठीवरून उतरलं का. वसंताचा पूर ओसरायला लागला आणि खाली धरणाची दारं उघडली की मागचं पाणी पाय न वाजवता निघून जातं. काठी ते सांगते. पण ऑर्व्हल गेल्यावर अशीच एक पांढरी काठी लांबून गेलॉर्डच्या दुर्बिणीत चमकली होती आणि तो नाक हुंगत गळ्याच्या तोंडाशी येऊन गेला होता. तेव्हापासून बाईंनी काठी खोचणं सोडलं. काठी पाणी दाखवते खरी, पण जागाही दाखवते. आणि पाणी काय, आपल्याला नजरेनं कळतं, असं बाईंचं म्हणणं. पानगळीत कळलं नव्हतं, ती गोष्ट निराळी. तेव्हा ऊन डोळ्यांवर होतं.

काठी न खोचताच होडी गळ्यातून आत गेली.

आतल्या डोहाला टॉलेफ्सन घराण्यात "जेवणघर" म्हणत. त्याला कारण होतं. ऊन चढलं की उथळ पाण्याच्या तळाशी वाळूत गोल गोल ताटं मांडलेली दिसायची, एकाला एक लागून, पंगत बसावी तशी. ब्लूगिल माशाचा नर शेपटीनं झाडून झाडून असं ताट करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा पुढे ताटावर पहारा देत राहतो. बाईंना हा मासा फार पटायचा.

"आता वळून बस," बाई म्हणाल्या. "आणि नियम ऐक. तव्यात मावेल तेवढाच मासा घ्यायचा. तळहाताहून मोठा, ताटाचा राखणदार, तो सोडायचा. तो गेला तर पुढच्या वर्षी पंगत उठली."

केंडलनं मान हलवली आणि गळ टाकला. तरंगा पाण्याला टेकतो न टेकतो तोच गडप झाला. गळाची काठी वाकली, दोरा पाण्यात गोल फिरायला लागला. तळहाताएवढा मासा, पण भांडखोर, पोटाला तांब्याचा रंग, गालावर निळी झाक. मग दुसरा, मग तिसरा. पडलेल्या झाडाच्या फांद्यांत चंदेरी, कागदी तोंडाचे क्रॅपी मासे होते. त्यांना हिसका दिला तर ओठ फाटतो, हळू उचलावं लागतं. आयोवाचा माणूस हिसका देणार म्हणून बाई वाट बघत बसल्या. त्यानं हळू उचलला. जाळीची टोपली भरत चालली. गांडुळांच्या हातानंच दोघांनी सॉसेज घातलेला पाव खाल्ला, रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या खाल्ल्या. वडीबद्दल केंडल काही बोलला नाही, पण तिसरी घेतली.

मग त्याच्या गळाला बास जातीचा मोठा मासा लागला. तरंगा बुडाला नाही, पळाला. काठी होडीच्या काठाला टेकली. पाणी फुटलं आणि हातभर लांब हिरवा मासा जबडा पसरून उडाला. असा मासा माणसाला जन्मात एकदा लागतो आणि मग उरलेला जन्म तो त्याची लांबी वाढवत बसतो. केंडलनं तो आत घेतला, जबड्यात अंगठा घालून धरला, आणि बाई मनात म्हणाल्या, आता हा फोन मागणार. फोटो पाहिजे असणार. डबा उघडणार, मासा तोवर तडफडणार, आणि तिकडे राखणीवाचून पडलेल्या याच्या अंड्यांवर ब्लूगिल ताव मारणार.

केंडलनं गळ काढला आणि मासा होता तिथंच पाण्यात सोडला. "घरट्यावरचा होता," म्हणाला आणि हात पँटला पुसले.

बाईंना खोट काढायची होती. बराच वेळ शोधली. शेवटी म्हणाल्या, "पँट खराब केलीस."

इथंच त्यांचं लक्ष चुकलं. एरवी त्यांची नजर काठावर असायची. आज ती या मोठ्या कानांच्या माणसावर होती. तो कधी चुकतो याची वाट बघता बघता वेळ गेला. मध्येच त्यांनी सहज समोर बघितलं. सकाळी एका ओंडक्यावर कासवं पाण्यालगत ऊन खात बसली होती. आता तीच कासवं माडीवर बसल्यासारखी उंच दिसत होती आणि ओंडक्याखाली ओली काळी पट्टी उघडी पडली होती.

"नांगर उचल," बाई म्हणाल्या.

"इतक्यात? मासे तर—"

"उचल म्हणते ना!"

गळ्यापाशी आले तर गळा नव्हता. चिखल होता, आणि चिखलातून करंगळीएवढी धार वाहत होती. बाईंनी तरी मोटार घातली. पंखा गाळात घुसला, काळा चिखल होडीभर उडाला, मोटारीला आचका बसला आणि ती बंद पडली. बगळ्याखेरीज बघायला कुणी नव्हतं. बगळ्यानं बघितलं.

पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर, मोकळं पाणी चमकत होतं.

"फोन डब्यात आहे," केंडल म्हणाला.

"माहीत आहे मला. मीच ठेवलाय."

"काढू?"

बाई मोटारीची मूठ धरून बसल्या होत्या. मूठ सोडली नाही. "काढलास तर डुएन येईल. भोंगा वाजेल. खुर्च्या घेऊन लोक येतील. आणि ही होडी दात उपटणाऱ्याच्या अंगणात जाईल. फुलझाडं लावील तो हिच्यात."

"आणि नाही काढला तर?"

"तर तुला चिखलात उतरावं लागेल."

केंडलनं चिखल बघितला. मग पायांतले बूट बघितले. "बूट परत द्यायचेत ना?"

"द्यायचेत."

"मग जपून उतरतो."

तो उतरला आणि मांडीपर्यंत गेला. आधी त्यानं मोटार सोडवून खांद्यावर घेतली आणि पलीकडच्या घट्ट वाळूवर नेऊन ठेवली. मग बाईंच्या मासे साफ करायच्या सुरीनं वाळुंजाच्या फांद्या कापून चिखलावर आडव्या घातल्या, पायऱ्या घालाव्या तशा. ती सुरी बाई कुणाला देत नसत. या वेळी दिली, पण तोंड फिरवून.

"आता तुम्ही उतरा, टॉलेफ्सनबाई. होडी हलकी व्हायला हवी."

"मी जड आहे म्हणतोस?"

"मासे जड आहेत. तुम्ही मासे घेऊन उतरा."

बाई दोन वल्ह्यांवर पाय ठेवत, हातात टोपली घेऊन, चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवावं तशा चालत पलीकडे गेल्या. केंडलनं दोर छातीभोवती घेतला आणि ओढला. होडी हलली नाही. पुन्हा ओढला. होडीनं "पच्च" केलं आणि तिथंच राहिली.

"गाय अडली की असंच असतं," तो धापा टाकत म्हणाला. "तिनं जोर केला की आपण ओढायचं."

"मग आता होडी जोर करणार का?"

"नाही ना. तुम्ही करा."

बाईंनी टोपली फांदीला अडकवली, घागरा कमरेला खोचला आणि त्या परत चिखलात आल्या. गुडघाभर गेल्या. होडीच्या मागच्या फळीला, जिथं त्यांची बसायची जागा, तिथं खांदा लावला. "हां!" म्हणाल्या. केंडलनं ओढलं. "हां!" पुन्हा. फांद्या कडाकडा मोडल्या, होडी हातभर सरकली. अशी "हां" करत करत, मध्ये बसत, मध्ये आयोवाच्या सात पिढ्यांना आणि धरणाच्या दारांना नावं ठेवत, त्यांनी ती होडी गळ्यातून बाहेर काढली. आणि शेवटच्या हिसक्याला केंडलचा पाय सुटून वर आला, पण बूट खालीच राहिला.

तो पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून शोधायला लागला. चिखल मिटला होता.

बाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. "राहू दे," म्हणाल्या.

"परत द्यायचा होता तुम्हाला."

"राहू दे म्हणते ना. त्यालाही इथंच बसून राहायला आवडायचं."

मग बराच वेळ मोटार धुणं, बसवणं, दोरी ओढणं. ती सुरू झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि चार वाजता डुएन धक्क्यावर येणार होता.

तो आलेला होताच. शेजारी गेलॉर्ड पेट्श, हातात कॉफी. बाईंनी होडी धक्क्याला लावली आणि चटकन उठून पुढे आल्या, काही झालंच नाही असा चेहरा करून. पण चेहरा सोडून बाकी सगळीकडे चिखल होता. केंडल उतरला, एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात मोजा. मोटारीच्या सांध्यांतून अजून काळं पाणी गळत होतं.

"आई," डुएन म्हणाला, "काय झालं?"

"टोपली भरून आणली, ते दिसत नाही तुला?"

"मोटारीत चिखल कसा गेला, ते विचारतोय. अडकलीस ना?"

बाईंनी तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण मोटारीतल्या चिखलाचा त्यात विचारच केलेला नव्हता.

"चूक माझी," केंडल म्हणाला. "मूठ माझ्याकडे होती. मला इथलं पाणी माहीत नाही. गाळात घातली मी, मग यांनी परत घेतली."

गेलॉर्डचा कप ओठांशी थांबला.

"मूठ?" डुएन म्हणाला. "आईनं? तुला दिली?"

डुएन आईकडे वळला. "खरं हे?"

आता बाईंची गत काय झाली म्हणावी! नाही म्हणावं, तर अडकल्या त्या स्वतः, आणि होडी गेली दातांच्या डॉक्टरकडे. हो म्हणावं, तर ऑर्व्हल टॉलेफ्सनला उभ्या संसारात जी मूठ मिळाली नाही, ती एका आयोवावाल्याला पहिल्या दिवशी दिली, आणि हे गेलॉर्डच्या देखत. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावात, आणि उद्या चर्चमध्ये. बाईंनी होडीकडे बघितलं. मागच्या फळीचा रंग त्यांच्या बसण्याएवढाच गोल झिजला होता.

"दिली," त्या म्हणाल्या. अक्कलदाढ निघावी तसा तो शब्द निघाला.

"आयोवाच्या माणसाला?" गेलॉर्डनं विचारलं.

"तुझ्याकडे कुणी बघितलं का, गेलॉर्ड?"

"बाबा जन्मभर मागत होते तुझ्याकडे," डुएन म्हणाला.

"त्याच्या तळहाताला घाम यायचा."

बिचाऱ्या ऑर्व्हलच्या तळहाताला कधी घाम आला नव्हता. पण तो वर होता, आणि ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

डुएनचा चेहरा हळूहळू सैल झाला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. "आई, तू बदललीस गं," तो म्हणाला. बाईंना आयुष्यात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. "मला काय, काळजीच होती नुसती. केंडल मूठ धरणार असेल, तर राहू दे की होडी. शिकेल तो पाणी. सांगतो मी त्या डॉक्टरला नको म्हणून."

अशी होडी राहिली.

संध्याकाळी परसातल्या फळीवर दोघं मासे साफ करत होते. केंडलनं मोज्यांवर ब्रिटाच्या सपाता चढवल्या होत्या.

"खोटं बोलतोस," बाई म्हणाल्या.

"हो."

"चर्चला जातोस?"

"जातो. डच चर्चला."

"तिथं हे शिकवतात?"

"नाही. हे आईनं शिकवलं. अळंब्यांसाठी."

बाईंनी एका माशाची खवलं जरा जास्तच जोरात काढली. "दुसरं काही सुचलं नाही तुला? तुला भोवळ आली म्हणायचंस. तू पाण्यात पडलास म्हणायचंस. नाही तरी पडण्यासारखाच दिसतोस."

"मोटारीत चिखल होता," केंडल म्हणाला. "माझ्या भोवळीनं मोटारीत चिखल कसा जाईल?"

बाईंनी कढईत मासे सोडले.

पुढचा आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. टपालात, वाण्याकडे, जो तो हसून विचारायचा, "काय अर्डिस, मूठ कशी आहे?" शुक्रवारी मासे खायला खानावळीत गेल्या, तर गेलॉर्डनं टेबलावरून हाक मारली, "अर्डिस, मलाही देतेस का गं एक दिवस? मी तर शेजारचा!" सगळी खानावळ हसली. बाईंनी कोबीची कोशिंबीर संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गेलॉर्ड, त्याला मी पाण्यावर नेलं. तुला मी कुंपणापर्यंतही येऊ देत नाही." तेवढ्यापुरती जिंकल्या. पण घरी येऊन पडदा ओढून बसल्या.

शनिवारी धक्क्यावर डुएन हजर, मोठ्या पाण्यावर गेलॉर्ड हजर, दुर्बिणीसकट. केंडल मागच्या फळीवर बसला आणि त्यानं मूठ हातात घेतली. बाई पुढच्या फळीवर बसल्या, ऑर्व्हलच्या जागी, हाताची घडी घालून. डुएननं हात हलवला. बाईंनी हलवला नाही. होडी निघाली. पुढच्या फळीवर वारा आधी लागतो आणि नदी सगळ्यांत आधी आपल्याला दिसते, हे बाईंना माहीत नव्हतं. ऑर्व्हलनं कधी सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

बेटाला वळसा पडला, दुर्बीण मागे राहिली.

"ऊठ," बाई म्हणाल्या.

केंडल उठलाच होता. होडी न हलवता दोघांनी जागा बदलल्या. मूठ बाईंच्या डाव्या हातात आली. या खेपेला त्यांनी त्याला पाठ करून बसायला सांगितलं नाही.

"नाही तरी परतीची वाट मला पाठ झालीये," तो म्हणाला. "मागच्या वेळी सगळी तुमच्या खांद्यावरून बघितली."

गळ्याच्या आत गेल्यावर त्यानं न सांगता वाळुंजाची काठी तोडली आणि सोलायला बसला. पांढरीशुभ्र झाल्यावर इकडे तिकडे बघितलं. "कुठं खोचू?"

"आतल्या अंगाला, झुडपामागे. बाहेरून दिसता कामा नये."

त्यानं खोचली. पाणी काठीला नेमकं टेकलं. मग जेवणघरात पंगत मांडलेली होती, ती त्यांनी दिवसभर जेवली, आणि काठी दोन बोटं उघडी पडली तशी निघाले.

बेटाच्या अलीकडे बाईंनी मोटार मंद केली आणि उठल्या. केंडलही उठला. त्यानं मागे बसून मूठ धरली. "सांभाळून बसा हं, आजी," म्हणाला.

आजी म्हणायची परवानगी बाईंनी त्याला दिलेली नव्हती. त्यांनी वळून बघितलं. मग पुन्हा पुढे तोंड करून नीट बसल्या.

"डावीकडे गाळ आहे, केंडल," त्या म्हणाल्या. "उजवीकडून घे."